वकिलाची पाटी आणि दोन सेंटिमीटरचा चौकोन

गेल्या पावसाळ्यात एका वकील मित्राबरोबर गोव्यात म्हापशातल्या एका छापखान्यात गेलो होतो. त्याची व्हिजिटिंग कार्डं संपत आली होती. छापखानेवाल्याने जुनं डिझाइन संगणकावर उघडलं आणि सहज विचारलं, "फाटल्यान क्यूआर घालूं, वकीलबाब? आतां सगळेच घालतात." मित्र क्षणभर थांबला आणि म्हणाला, "फाटली कूस कोरीच रावूं दी."

कार्डाची मागची बाजू कोरी का ठेवायची, हे कोर्टाची पायरी चढलेल्याला सांगायला नको. सुनावणी पुढे गेली की वकील तिथे पेनाने पुढची तारीख लिहून देतो आणि अशील ते कार्ड पाकिटात घालून घरी नेतो. पण मित्राच्या थांबण्याला आणखी एक कारण होतं. हा काळा-पांढरा चौकोन पाववाल्याच्या सायकलीवर, मासळी बाजारातल्या पाटावर, देवळाच्या फंडपेटीवरही दिसतो. वकिलाच्या कार्डावर तो आला की मात्र प्रश्न पडतो: ही माहिती झाली की जाहिरात?

हा चौकोन जन्मला जाहिरातीपासून फार दूर. त्याच्याआधी पट्ट्यांचा बारकोड होता. 26 जून 1974 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड वाचून बिल झालं. आज सर्वत्र दिसणाऱ्या पट्ट्यांची दुकानातली ती सुरुवात. मात्र त्या पट्ट्यांत जेमतेम वीसेक अक्षरं मावतात. जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर म्हणून एकाशेजारी एक असे अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगार ते एकेक करून वाचत बसत. या कटकटीतून 1994 साली डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांच्या चमूने क्यूआर कोड काढला. दुपारच्या सुट्टीत खेळल्या जाणाऱ्या 'गो' या खेळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून ही मांडणी सुचल्याचं हारा यांनी सांगितलं आहे.

तीन कोपऱ्यांतले ते ठळक चौकोन वाचणाऱ्या यंत्राला कोड कुठे आहे ते दाखवतात. त्यांच्या मधून कुठल्याही दिशेने रेघ ओढली तरी काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. छापील मजकुरात सहसा न आढळणारं प्रमाण हवं म्हणून त्या मंडळींनी माहितीपत्रकं, मासिकं, खोकी असं हाताला लागेल ते चाळून काढलं होतं. म्हणजे जाहिरातींच्या गर्दीत वेगळा ओळखू यावा असाच हा कोड घडवला गेला आणि पुढे जाहिरातवाल्यांनीच तो उचलला. कंपनीने पेटंट घेतलं पण हक्क बजावला नाही, म्हणून तो जगभर फुकट पसरला. 2002 च्या सुमारास जपानी मोबाइलच्या कॅमेऱ्यांना तो वाचता येऊ लागला. कारखान्यातून रस्त्यावर तो तेव्हा आला.

वकिलांच्या जाहिरातीचा इतिहास त्याहून जुना आहे आणि भांडणाचाही. अमेरिकेत 1908 पासून वकील संघटनेच्या आचारसंहितेने जाहिरातीला मज्जाव केला होता. 1976 साली ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात बेट्स आणि ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात सरळ दरपत्रकच छापलं: दोघांच्या संमतीचा घटस्फोट 175 डॉलर, वर कोर्टाची फी 20 डॉलर. शिस्तभंगाची कारवाई झाली, प्रकरण वर गेलं आणि 1977 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल दिला, की अशी जाहिरात सरसकट बंद करता येणार नाही. त्यानंतर तिथे फोनबुकाची पानं, टीव्ही, बसच्या पाठी, हमरस्त्यावरचे फलक वकिलांच्या नावांनी भरले. 2010-11 च्या सुमारास क्यूआरची लाट आली तेव्हा तिथल्या लॉ फर्मना परवानगीचा मोठा प्रश्नच उरला नव्हता. कार्डावर कोड, माहितीपत्रकावर कोड, परिषदेतल्या स्टॉलवर कोड. अडचण होती ती वेगळीच: कोड वाचायला निराळं ॲप उतरवून घ्यावं लागे आणि तेवढी तसदी घेतो कोण? 2017 मध्ये आयफोनचा कॅमेराच कोड वाचू लागला आणि ती अडचण मिटली.

आपल्याकडे उलटं झालं. आपल्याला कोडची सवय लावली ती पैशांनी. 2016 मध्ये यूपीआय आलं, त्या वर्षअखेरीस भीम ॲप, 2017 मध्ये भारत क्यूआर. जाहिरात फार मागून आली. आणि वकिलांच्या बाबतीत दार आधीपासूनच बंद होतं.

ते दार म्हणजे वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36. परिपत्रक, जाहिरात, दलाल, ओळख नसताना घेतलेली गाठभेट, वर्तमानपत्रातला शेरा किंवा फोटो, यांपैकी कुठल्याही मार्गाने वकिलाने काम मिळवायचं नाही. पाटी असावी, पण 'वाजवी' आकाराची. तिच्यावर बार कौन्सिलचा सदस्य आहे, पूर्वी न्यायाधीश होतो, अमुक प्रकारच्या कामात विशेषज्ञ आहे, असलं काही लिहायचं नाही. ही सोवळी भाषा वाचून हसू येतं, पण तिच्यामागे डोळ्यांनी पाहिलेले प्रकार आहेत. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेलं बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर हे प्रकरण बघा. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर तुटून पडत, त्यांच्या हातातले कागद हिसकावत, अशी तक्रार होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात या वृत्तीवर चांगलेच कोरडे ओढले. आज गोव्यातले वकील ज्या बार कौन्सिलच्या छत्राखाली येतात, ती हीच, आता महाराष्ट्र आणि गोवा अशा जोडनावाची.

2008 मध्ये त्या दाराला एक फट पडली. सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या याचिकेच्या निमित्ताने नियमात दुरुस्ती होऊन वकिलाला वेबसाइटवर ठरावीक माहिती द्यायला मुभा मिळाली: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक आणि तारीख, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं. शेवटची बाब पुन्हा वाचा. 'विशेषज्ञ' हा शब्द पाटीवर चालत नाही, पण कामाची क्षेत्रं वेबसाइटवर चालतात. आता त्याच पाटीच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटरचा कोड चिकटवला आणि तो वेबसाइटकडे नेत असला, तर पाटी कुठे संपली आणि वेबसाइट कुठे सुरू झाली? नियम 36 मध्ये क्यूआरचा उल्लेखच नाही. त्यातला 'वाजवी आकार' हा शब्दप्रयोग लाकडी आणि पितळी पाट्यांच्या काळातला. गोव्यात आजही जुन्या घरांच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशीत नाव घातलेलं दिसतं. तिथे आकार मोजता येतो. कोडचा आकार मोजून काही हाती लागत नाही.

माझ्या मते चौकोन निर्दोष आहे, तपासायला हवं ते त्याच्या पलीकडचं पान. कोड मुभा असलेल्या माहितीकडे नेत असेल तर तो लांबलचक पत्ता टाइप करण्याचा त्रास वाचवतो, इतकंच. पलीकडे 'शंभर टक्के यश', खूश अशिलांचे व्हिडिओ किंवा 'आजच फोन करा' असेल, तर तो दलालच, फक्त कागदाचा. वारं कुठल्या दिशेचं आहे तेही दिसतं. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मार्गाने कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाईचे निर्देश दिले आणि पाठोपाठ बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या याद्या चालवणाऱ्या संकेतस्थळांकडे मोर्चा वळवला. मार्च 2025 मध्ये सिनेनट आणि इन्फ्लुएन्सरांकरवी होणाऱ्या प्रचाराबद्दल तंबी आली. गंमत म्हणजे शेजारच्या महाराष्ट्रात 1 ऑगस्ट 2023 पासून बिल्डरला गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्यूआर छापणं सक्तीचं आहे. एकाला कोड नसला तर दंड, दुसऱ्याला असला तर धाकधूक.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. इथल्या वकिलाचं नाव वर्तमानपत्रात जवळजवळ रोज छापून येतं, आणि तेही रीतसर: 'माझ्या अशिलाने खालील मिळकत विकत घेण्याचे ठरवले असून, कोणाची हरकत असल्यास...' जमिनीचे व्यवहार, वारसा, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यातली नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता, इन्व्हेंतारची (वारशाच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) प्रकरणं, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) दावे. हक्कदार भावंडांतला एक पोर्तुगालमध्ये, एक आखातात, एक इंग्लंडात. त्यांना फोनवर आलेल्या कार्डाच्या फोटोतला कोड दाबून वकिलाचा नंबर थेट जतन करता आला तर सोयच आहे.

ते मित्रालाही पटलं होतं. पण एकदा पोळल्यामुळे तो सावध होता. पहिल्या खेपेला कोणीतरी त्याला 'डायनॅमिक' कोड करून दिला होता. अशा कोडमध्ये वकिलाचा पत्ता नसतोच. त्यात मधल्या एका कंपनीचा छोटा दुवा असतो आणि तो पुढे ढकलतो. कोण, कधी, कुठून स्कॅन करतं याची मोजदाद त्या कंपनीकडे होते, आणि वकिलाकडे कोण जातं हीसुद्धा गोपनीय गोष्ट असू शकते याची तिला फिकीर नसते. वर्षाची वर्गणी भरायची राहिली आणि तीनशे कार्डांवरचे कोड एका रात्रीत मुके झाले. साध्या, स्थिर कोडमध्ये नाव-नंबर चौकोनातच भरलेले असतात. मध्ये कोणी नसतो, इंटरनेटही लागत नाही. मजकूर वाढला की ठिपके मात्र बारीक होत जातात: लहानात लहान कोड 21 गुणिले 21 घरांचा, मोठ्यात मोठा 177 गुणिले 177 चा.

शेवटी छापखानेवाल्याने तोडगा काढला. कोड पुढच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, स्थिर प्रकारचा, आत फक्त नाव, फोन आणि ऑफिसचा पत्ता. मध्यभागी तराजू घालू का, असंही त्याने विचारलं. कोडचा तीसेक टक्के भाग झाकला तरी वाचता येईल अशी सोय असते, हे त्याला ठाऊक होतं. मित्राने तराजू नको म्हटलं. मुके कोड असलेली जुनी कार्डं अजून त्याच्या खणात आहेत. त्यांचीही मागची बाजू कोरीच आहे. परवा म्हापसा कोर्टाच्या व्हरांड्यात त्यातल्याच एकावर तो एका म्हाताऱ्या मुंडकाराला तारीख लिहून देत होता.