सुरवंटपालन

फुलपाखरांची अंडी किंवा अळ्या शोधून आणणे, त्यांना त्यांच्याच खाद्यवनस्पतीवर घरी वाढवणे आणि कोषातून निघालेले फुलपाखरू जिथून आणले तिथेच सोडणे, याला सुरवंटपालन म्हणतात. बोलीत केसाळ तो सुरवंट आणि गुळगुळीत ती अळी. या छंदात दोन्ही येतात.

समशीतोष्ण प्रदेशांत यासाठी वसंताचा उत्तरार्ध सर्वांत चांगला. तेव्हा पालवी कोवळी असते. पुढे पाने जून होतात, त्यांतले नत्र घटते आणि अळ्यांची वाढ मंदावते. मोसमी पावसाच्या मुलखात हेच दिवस पावसाला सुरुवात झाल्यावर येतात.

शोध फुलपाखराचा नव्हे, झाडाचा घ्यावा. फुलावर बसलेले फुलपाखरू फार काही सांगत नाही. अंडी घालायला पानाला पाय लावून चव घेत, झाडाभोवती घुटमळणारी मादी सगळे सांगते. बहुतेक जातींच्या अळ्या मोजक्याच वनस्पती खातात : मोनार्क या स्थलांतर करणाऱ्या फुलपाखराची अळी रुईच्या कुळातल्या, पीकॉकची काळी काटेरी पिल्लावळ मुख्यतः नेटल या अंगाची आग करणाऱ्या वनस्पतीवर, तर स्वॅलोटेलच्या काही जाती लिंबूवर्गीय झाडांवर. लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर पुन्हा नीट पाहावे. ती हललीच, तर लहान अळी आहे. तिला डिवचले की डोक्यामागून दुभंगलेले, उग्र वासाचे शिंग बाहेर येते.

पालनाला लागते फार थोडे. जाळीचा पिंजरा किंवा हवा खेळती राहील असा डबा, रोज ताजी पाने, रोज लेंड्यांची सफाई. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवल्यास तोंडाशी कापूस घट्ट बसवावा, नाहीतर अळी आत उतरून बुडते. अळी साधारण चार वेळा कात टाकते आणि त्याआधी पानावर रेशमाची गादी विणून तासन्‌तास निश्चल बसते. ती आजारी आहे असे समजून तिला उचलणे ही नवख्यांची नेहमीची चूक. पाय सुटले तर कात नीट उतरत नाही. हलवायचीच झाली तर पानासकट हलवावी. काही सुरवंटांच्या केसांनी पुरळ उठते, म्हणून अनोळखी सुरवंटाला हात लावू नये.

कोषाच्या अखेरच्या दिवशी कवच पारदर्शक होते आणि आतल्या पंखांचे रंग बाहेरून दिसू लागतात. कवच फाटल्यावर चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू उलटे लटकते, त्यांत शरीरद्रव भरून ते ताणून घेते आणि कोषावस्थेतला टाकाऊ द्रव थेंबांनी सोडते. अनेक जातींत हे थेंब लालसर असतात. १६०८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील एक्स शहराच्या परिसरात रक्ताचा पाऊस पडल्याची घबराट पसरली, तेव्हा पेरेस्क या विद्वानाने डबीत ठेवलेल्या कोषातून फुलपाखरू निघाले आणि मागे तांबडा थेंब राहिला. भिंतींवरच्या डागांचा उलगडा त्यातून झाला. मारिया सिबिला मेरिअन (१६४७–१७१७) या चित्रकर्तीने तेराव्या वर्षी रेशमाच्या किड्यांपासून सुरुवात केली. चिखलातून किडे उपजतात असा समज असलेल्या काळात तिने अंडे, अळी, कोष, फुलपाखरू आणि खाद्यवनस्पती एकाच चित्रात मांडली, आणि तीही स्वतः पाळून, पाहून.

कधी कोषातून फुलपाखराऐवजी माशी निघते, किंवा अळीच्या अंगातून गांधीलमाशीच्या नात्यातल्या परजीवी कीटकाच्या अळ्या बाहेर येऊन पिवळे कोश विणतात. मनाला लागते, पण हीही तितकीच मोलाची नोंद; तारीख, झाड आणि अळीचे चित्र वहीत असलेच पाहिजे.

अळ्या मोजक्याच पाळाव्यात. गर्दीत रोग झपाट्याने पसरतो. मोनार्कमध्ये एका एकपेशीय परजीवीचे बीजाणू अंड्यांवर, पानांवर सांडून पुढच्या पिढीत जातात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरात कोषातून निघालेल्या मोनार्कना स्थलांतराची दक्षिण दिशा धरता आली नाही. मोकळ्या आकाशाखाली सोडल्यावर ती बहुतेकांना सापडते, असे २०२१ च्या अभ्यासात दिसले. तरीही कोष धरला की पिंजरा बाहेर, सावलीत टांगणे उत्तम. पंख वाळायला तास-दोन तास लागतात. मग ऊन असताना झाकण उघडावे.