फूटपट्टीच बदलते तेव्हा

डायलिसिसवरच्या नातेवाइकाला भेटून आपण जिना उतरतो आणि हळूच म्हणतो, "हे काय जगणं आहे?" आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-चार तास मशीनशेजारी पडून राहायचं, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. असा माणूस आनंदी कसा असेल?

२००५ साली अमेरिकेत हे तपासलं गेलं. ४९ डायलिसिस रुग्ण आणि ४९ निरोगी माणसं. प्रत्येकाजवळ हातात मावणारा छोटा संगणक होता. आठवडाभर, दिवसातून अनेकदा तो विचारायचा, 'आत्ता मन कसं आहे?' दोन्ही गटांच्या मनःस्थितीत फारसा फरक निघाला नाही. रुग्ण फार दुःखी असतील हा निरोगी माणसांचा अंदाज साफ चुकला होता. मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते पुढचं: स्वतः रुग्णांनाही वाटत होतं की आजार नसता तर आपण कितीतरी जास्त सुखी असतो!

हे घडतं कसं? मिरियाम स्प्रँगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ या संशोधकांनी १९९९ मध्ये याचं एक प्रारूप मांडलं. समजा, संधिवाताच्या बाईंनी जानेवारीत दुखण्याला दहापैकी सहा गुण दिले आणि जूनमध्येही सहाच. म्हणजे काहीच बदललं नाही? आता जूनमध्येच विचारा, "जानेवारीत किती होतं?" त्या म्हणतात, "तेव्हा? चारच म्हणायला हवं." म्हणजे दुखणं वाढलंय, पण मधल्या काळात त्यांनी त्याहून तीव्र कळा सोसल्यामुळे त्यांच्या 'सहा'चा अर्थच सरकलाय. फूटपट्टी ताणली गेली. (आठवणही दगा देते, म्हणून ही चाचणी निर्विवाद नाही.) शिवाय अग्रक्रम बदलतात: ट्रेकिंग मागे पडतं, नातवाला गोष्ट सांगणं पुढे येतं. आणि 'चांगलं जगणं' या शब्दांचा अर्थही बदलतो.

स्वभावाचा यात वाटा आहे. आजार तोच असला तरी काळजीखोर माणसाला त्याचा जाच जास्त होतो. पण स्वभावामुळे कॅन्सर होतो ही समजूत सोडा. फिनलंड-स्वीडनमधल्या सुमारे ६० हजार लोकांच्या पाहणीत तसा संबंध आढळला नाही. 'पूर्वजन्मीचं पाप' म्हणणं तर रुग्णावर उघड अन्याय आहे, आणि 'पॉझिटिव्ह राहा, बरे व्हाल' हा उपदेशही त्याच जातीचा.

'आजारानं मला घडवलं' असं अनेक रुग्ण मनापासून सांगतात. संकटातून होणारी मनाची ही वाढ मोजायला टेडेस्की आणि कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये २१ विधानांची प्रश्नावली केली. पण तीही 'पूर्वीपेक्षा किती बदललात?' असंच विचारते, आणि पूर्वीचा मी मोजायचा तो आजच्याच फूटपट्टीनं. म्हणून २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझिअर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची आघातापूर्वी आणि नंतर, दोनदा मोजणी केली. त्यांना जाणवलेली वाढ आणि प्रत्यक्षातला बदल यांचा मेळ जेमतेमच बसला.