थँक्सगिव्हिंगचं डावं-उजवं

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंगचा सण. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत ओव्हन एकच असतो आणि त्या दिवशी सकाळपासून तो टर्की या मोठ्या पक्ष्याने अडवलेला असतो. १२ ते १४ पौंडांची, म्हणजे साधारण ६ किलोची टर्की ३२५ अंश फॅरनहाइटला (१६३ सेल्सियस) तीन ते पावणेचार तास घेते. भाजून झाल्यावरही ती लगेच कापत नाहीत. अर्धा-पाऊण तास ठेवली की आतला रस जरा दाटतो आणि सुरी लावताच वाहून जात नाही. म्हणजे चारला जेवायला बसायचं तर टर्की तीनला बाहेर, आणि ओव्हन मोकळा मिळणार तो तीन ते चार. ताटातलं बाकी सगळं या एका तासाच्या हिशेबाने आखायचं.

पंगतीत शाकाहारी माणसं असतील तर हे डावं-उजवं हेच त्यांचं जेवण. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत ती असतातच. तेव्हा या पदार्थांना ‘सोबतचे’ समजून शेवटच्या घाईत उरकणं ही पहिली चूक. कुठला पदार्थ दोन दिवस थांबतो आणि कुठला दहा मिनिटंही थांबत नाही, हे त्यातल्या पेक्टिन (पेशींना सांधणारा डिंकासारखा पदार्थ), स्टार्च आणि हरितद्रव्यावर ठरतं.

सगळ्यात सोशिक क्रॅनबेरी सॉस. डाव्या बाजूचं आंबट-गोड तोंडीलावणं म्हणा. बाजारातली पिशवी १२ औंसांची (३४० ग्रॅम) असते. त्याला एक कप साखर, एक कप पाणी. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं. फळं टपटप फुटू लागतात, तेव्हा सालींतलं आणि गरातलं पेक्टिन पाण्यात उतरतं. फळाचा आंबटपणा आणि साखर यांमुळे पेक्टिनचे धागे एकमेकांना धरतात आणि गार झाल्यावर सॉस थरथरता घट्ट बसतो. पेरूची जेली जमते त्याचं कारणही हेच. भांड्यात पातळ दिसतोय म्हणून आणखी वीस मिनिटं उकळत ठेवला, तर पेक्टिनचेच तुकडे होतात आणि सॉस चिकट पाकासारखा राहतो. गार बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही तर गॅस बंद. सोमवार-मंगळवारी करून फ्रीजमध्ये ठेवला तरी चालतो.

रताळी बुधवारची. दुकानात नारिंगी रताळ्यांवर ‘याम’ अशी पाटी दिसेल, पण ती रताळीच. खरा याम आपल्या कोनफळाच्या कुळातला. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते स्टार्च तोडून माल्टोज ही साखर बनवतं, पण स्टार्च फुगून मऊ झाल्यावरच त्याला हात घालता येतो, आणि आतलं तापमान साधारण ७५-८० सेल्सियसच्या पुढे गेलं की विकर स्वतःच निकामी होतं. म्हणून रताळं या मधल्या टप्प्यातून जितकं सावकाश जाईल तितकं गोड. मायक्रोवेव्हमध्ये आठ मिनिटांत शिजवलेलं पिठूळ लागतं. तेच ३०० फॅरनहाइटला (१५० सेल्सियस) अख्खं, दीड-दोन तास भाजलं की सालीतून पाक पाझरतो. मग वरून वाटीभर साखर घालायची गरजच काय? कुस्करून, लोणी-मीठ घालून ट्रेमध्ये थापून ठेवा. वर मार्शमेलो पसरायची अमेरिकन रीत आहे, पण त्यात जनावरापासून काढलेलं जिलेटिन असतं. शाकाहाऱ्यांसाठी अक्रोडासारखे पिकान आणि थोडी ब्राऊन शुगर.

खरी परीक्षा मॅश्ड पोटॅटोची. बटाट्याच्या प्रत्येक पेशीत स्टार्चचे कण असतात. शिजताना ते पाणी पिऊन फुगतात, पण पेशी शाबूत असेपर्यंत आतच राहतात. पेशी फुटली की स्टार्चमधलं अमायलोज (लांब साखळ्यांचा भाग) बाहेर येतं आणि भांड्यात कपड्यांना घालायची खळ तयार होते. मिक्सरचं पातं एका सेकंदात असंख्य पेशी फाडतं. म्हणून मिक्सर नाहीच. अमेरिकन दुकानात ‘रायसर’ मिळतो, पण पुरणयंत्र किंवा मोठ्या भोकांच्या चकतीचा सोऱ्या तेच काम करतो: पेशी चिरडण्याऐवजी एकमेकींपासून सुट्या करतो.

दहा जणांना दोन किलो रसेट जातीचे पिठूळ बटाटे. इंचभर तुकडे करून धुवा आणि ७० सेल्सियसच्या (१५८ फॅरनहाइट) पाण्यात अर्धा तास ठेवा. टर्कीचा थर्मामीटर इथे कामी येतो. या तापमानाला स्टार्च पेशीच्या आतच फुगतो आणि बटाट्यातलंच एक विकर पेशींना सांधणारं पेक्टिन बळकट करतं. मग तुकडे अर्धा तास गार पाण्यात. थंडाव्यात अमायलोजच्या साखळ्या परत घट्ट जुळतात आणि पुढे सहज सुटत नाहीत. बटाट्याच्या कोरड्या फ्लेक्सच्या कारखान्यांत हीच युक्ती वापरतात. इथवरचं काम सकाळी करून तुकडे फ्रीजमध्ये ठेवता येतात. अडीच वाजता ते मिठाच्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उकडा. पाणी काढल्यावर भांडं दोन मिनिटं मंद आचेवर हलवून वाफ जाऊ द्या. गरम असतानाच सोऱ्यातून काढा. आधी २०० ग्रॅम लोणी, मग ३०० मिलिलिटर कडकडीत गरम दूध. स्निग्धांशाचा लेप आधी बसला की सुटा स्टार्च पाणी कमी ओढतो. कालथ्याने हलकेच एकत्र करा, फेटू नका. उकळत्या पाण्यावर भांडं झाकून ठेवलं तर तासभर छान राहतं. खळ झालीच, तर ती परत बटाटा होत नाही. ट्रेमध्ये पसरून वर चीज घालून भाजणं हा एकच सभ्य मार्ग.

स्टफिंग, म्हणजे पावाचं सारण, टर्कीच्या पोटात भरू नये. आतलं मिश्रण १६५ फॅरनहाइटला (७४ सेल्सियस) पोचेपर्यंत छातीचं मांस सुकून जातं, आणि शाकाहाऱ्यांना ते बादच. वेगळ्या ट्रेमध्ये करा. पाव शिळा असणं आणि कोरडा असणं यात फरक आहे. शिळ्या पावात स्टार्च पुन्हा कडक होतो, पण पाणी बरंचसं आतच असतं. म्हणून ९०० ग्रॅम पावाचे चौकोनी तुकडे २७५ फॅरनहाइटला (१३५ सेल्सियस) पाऊण तास वाळवा, म्हणजे ते लगदा न होता लिटरभर स्टॉक पितात. स्टॉक कांदा, गाजर, सेलरी आणि ३० ग्रॅम सुक्या शिटाके मशरूमचा. त्यात चमचाभर सोया सॉस. शिटाकेतलं ग्वानिलेट आणि सोयातलं ग्लुटामेट हे चव खुलवणारे घटक एकत्र आले की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. असाच स्टॉक ग्रेव्हीसाठी जास्तीचा करून ठेवा: कपाला दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा. चमचे मोठे, पोह्याचे नव्हेत. ग्रेव्ही ताटात गार होताना आणखी दाटते, म्हणून भांड्यात थोडी पातळच बरी.

ओव्हनचा तास आता भरतो. तीनला ३५० फॅरनहाइटवर (१७७ सेल्सियस) झाकलेलं स्टफिंग, साडेतीनला शेजारी रताळी, पावणेचारला स्टफिंगचं झाकण काढायचं, म्हणजे वर खरपूस पापुद्रा धरतो.

उरली फरसबी. १९५५ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या डॉर्कस रायली यांनी तिचा मशरूम सूपमधला कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला ट्रेमधला पदार्थ) बसवला, आणि तो अजून चालतो. पण ताटात एवढं सगळं मऊ असताना कुरकुरीत हिरवी फरसबी जास्त शोभते. शिजताना पेशींतली आम्लं बाहेर येतात, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि शेंग मळकट होते. सोड्याची चिमूट रंग राखते, पण शेंग गिळगिळीत करते. मोठ्या पातेल्यात, भरपूर खारट आधणात, झाकण न ठेवता चार मिनिटं; तेवढंच. पाणी काढून लोण्यावर परता. लिंबू मात्र वाटी टेबलावर गेल्यावरच पिळायचं. गॅसपाशी पिळलं तर माणसं खुर्च्या ओढेपर्यंत हिरवा रंग गेलेला असतो.