उद्याच्या धुराचा हिशेब

पुण्यात सकाळी फिरायला जाणाऱ्या अनेकांना ‘एआरएआय’ हे एका टेकडीचं नाव वाटतं. टेकडी खरं तर वेताळाची. पण तिच्यावर असलेल्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचं नाव तिला असं चिकटलं, की वेताळ मागे पडला. या संस्थेत गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात. चाकं फिरतात, गाडी तसूभर हलत नाही, आणि सायलेन्सरमधून जे बाहेर पडतं ते नळ्यांनी ओढून मोजतात. उत्तर येतं साध्या भाषेत: किलोमीटरमागे इतके ग्रॅम.

टेकडी पलीकडच्या अंगानं उतरलं की पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था लागते. तिची ‘सफर’ ही यंत्रणा उद्या-परवा हवा किती वाईट असेल ते सांगते. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ती दिल्लीत सुरू झाली, नंतर पुण्यात आणि मुंबईत आली. उद्याची हवा सांगायला वारा, ओलावा, तापमान लागतं. पण २०४० ची हवा कशी सांगणार? त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरला वारा कुठून वाहील हे कोणालाच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. तिथे प्रश्न वेगळेच पडतात. रस्त्यावर गाड्या किती असतील? वीज कशापासून होईल? आणि गावात आंघोळीचं पाणी कशावर तापेल?

ही सगळी माणसांनी करायची किंवा न करायची कामं. त्यामुळे असा हिशेब मांडणारे भाकीत करत नाहीत. ‘जर हे केलं, तर इतका धूर, नाही केलं, तर तितका’ एवढंच ते सांगतात. आपण ‘जर-तरच्या गोष्टी’ असं म्हणतो ते बहुधा समोरच्याला उडवून लावायला. या शास्त्राचं सगळं भांडवलच जर-तर आहे. धोरण ठरवणाऱ्याला खरं तर तेच हवं असतं, कारण ‘जर’ त्याच्या हातात असतो.

हिशेब दिसायला शाळेतल्या गुणाकाराइतका सोपा आहे. काम किती झालं, गुणिले कामामागे धूर किती, वजा गाळणीत अडकला तेवढा. एक कल्पित शहर घेऊ. तिथे १ लाख डिझेल मोटारी आहेत आणि प्रत्येक मोटार वर्षाला १० हजार किलोमीटर धावते. बीएस-४ (बीएस म्हणजे ‘भारत स्टेज’, गाड्यांच्या धुरावरचे सरकारी नियम) मध्ये अशा मोटारीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती. वर्षाचे झाले २५० टन. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि मर्यादा ०.०८ ग्रॅमवर उतरली. सगळ्या गाड्या एका रात्रीत नव्या झाल्या, तर २५० चे ८० टन होतील. आनंद आहे! पण शहर काही हात बांधून बसत नाही. गाड्या तिप्पट झाल्या की आकडा २४० टनांवर, म्हणजे ये रे माझ्या मागल्या.

शिवाय एका रात्रीत गाड्या कोण बदलतं? समजा त्या ३ लाखांत ४० हजार जुन्या बीएस-४ गाड्या उरल्या. त्यांचे १०० टन आणि उरलेल्या २ लाख ६० हजार नव्या गाड्यांचे २०८ टन, मिळून ३०८. गाड्यांच्या संख्येत जुन्यांचा वाटा तेरा टक्क्यांच्या आसपास, धुरात जवळजवळ एक तृतीयांश. नवा नियम किती कडक आहे यापेक्षा जुनी गाडी किती वर्षं रेटली जाते, हा आकडा अशा वेळी जास्त महत्त्वाचा ठरतो.

तो मिळवणं मात्र सोपं नाही. आरटीओच्या वहीत गाडी जन्माला येते, पण सहसा मरत नाही. भंगारात गेलेली किंवा कोपऱ्यात गंजत पडलेली गाडीही कागदावर धावतच असते. म्हणून संशोधक पेट्रोल पंपावर उभं राहून येणाऱ्या गाड्यांची वयं टिपून घेतात. ‘मॉडेल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महासंगणक येतो. त्याच्या पोटात ही पंपावरची वही असते.

भारतीय गाड्यांचे ‘किलोमीटरमागे किती ग्रॅम’ हे आकडे एआरएआयनं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासासाठी मोजले होते. दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळुरू, चेन्नई आणि कानपूर ही ती शहरं. त्यात २००७ पाया धरून २०१२ आणि २०१७ पर्यंतचा हिशेब पुढे ओढला होता: काहीच केलं नाही तर काय, आणि उपाय केले तर काय.

देशभराचा आणि थेट २०५० पर्यंतचा हिशेब मांडला तो मुंबईच्या आयआयटीत, चंद्रा वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन वाटा आखल्या. पहिली, चालू आहे तेच चालू द्यायचं. दुसरी, सरकारनं जाहीर केलेले आणि प्रस्तावित केलेले नियम अमलात आणायचे. तिसरी खूप पुढची: स्वयंपाकातून लाकूड-गोवऱ्या पूर्णपणे घालवायच्या आणि ८० ते ८५ टक्के वीज कोळसा, तेल, वायू न जाळता करायची.

पहिल्या वाटेनं हवा बिघडली, यात नवल नाही. बिघडली ती दुसऱ्या वाटेनंही. जाहीर झालेले नियम पाळूनही २०३० आणि २०५० मध्ये हवा २०१५ पेक्षा वाईट निघाली, कारण नियम जेवढं कमी करत होते त्याहून जास्त भर वाढती वीज, वाढते कारखाने आणि वाढती वाहतूक घालत होती. फक्त तिसऱ्या वाटेनं पीएम २.५ हे सूक्ष्म कण २०१५ च्या खाली आले. एखाद्या मंत्रालयानं ‘आम्ही नियम केले आहेत’ असं म्हटलं, की मला ही दुसरी वाट आठवते.

याच कामाच्या आधारे मृत्यूंचाही अंदाज काढला गेला: २०१५ मध्ये या कणांमुळे सुमारे ११ लाख, आणि पहिल्या वाटेनं गेलं तर २०५० मध्ये ३६ लाख. हा दुसरा आकडा बातम्यांत गाजला. त्यातली सगळी वाढ काही हवेनं केलेली नाही. लोकसंख्या वाढते, वयस्कर माणसं वाढतात, आणि तेवढ्याच धुरानं जास्त माणसं दगावतात. हेही हिशेबात धरलेलं असतं, मथळ्यात मात्र मावत नाही.

२०१५ च्या मृत्यूंपैकी जवळपास पाव वाटा घरातल्या चुलींचा होता. मोटारी नाहीत, कारखाने नाहीत, चुली. चुलीचा धूर फक्त स्वयंपाकघरात राहत नाही. तो गावावर पसरतो आणि तिथून शहरावर. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला. कागदावर ‘गॅसजोडणी म्हणजे चूल बंद’ असं धरलं तर आकडा झपकन खाली येतो. पण गावात राहिलेल्या कोणालाही विचारा. चहा गॅसवर होतो, पाहुणे आले की भाजी गॅसवर होते, भाकरी मात्र चुलीवर चांगली होते म्हणून चुलीवर, आणि सकाळचं आंघोळीचं पाणी तर सरपणावरच, कारण एवढ्या पाण्यासाठी सिलिंडर जाळणं कोणाला परवडतं? उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांनी २०१९-२० मध्ये सरासरी वर्षाला तीनच सिलिंडर घेतले. तेव्हा जोडण्या मोजायच्या की सिलिंडर, यावर २०३० चा आकडा बदलतो. माझं मत विचाराल तर सिलिंडर.

कागद आणि रस्ता यांच्यातलं अंतर केवळ आपल्याकडेच असतं असं नाही. युरोपात डिझेल मोटारींचे नियम पायरीपायरीनं कडक झाले आणि भविष्याच्या हिशेबात नायट्रोजन ऑक्साइडही त्याच पायऱ्यांनी उतरत गेले. शहरांतली हवा मोजणारी यंत्रं तेवढी उतरण दाखवत नव्हती. कारण उलगडलं अमेरिकेत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीची यंत्रं गाडीतच बसवून ती रस्त्यावर चालवली, आणि फोक्सवॅगनच्या मोटारी मर्यादेच्या ५ ते ३५ पट ओकताना सापडल्या. रोलरवर आहोत हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरती गाडी शहाण्यासारखी वागायची. सप्टेंबर २०१५ मध्ये हे प्रकरण जगासमोर आलं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ती करामत होती. भारतात एआरएआयनं या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या तेव्हा त्या बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरल्या, आणि ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतातले नियम मोडले नाहीत, अशी कंपनीची भूमिका होती: नियम रोलरवरच्या चाचणीचा, रस्त्यावरचा नव्हे. एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही गाडीला रस्त्यावरच्या परीक्षेत उतरावं लागतं.

अंदाज दुसऱ्या बाजूनंही चुकतात. चीनमधला सल्फर डायऑक्साइड वाढत जाईल, असं एकेकाळी बऱ्याच हिशेबांत धरलेलं असे. तिथल्या सरकारनं वीज केंद्रांच्या धुराड्यांना धूर धुणारे संच बसवायला लावले, ते चालू राहतील हे पाहिलं, आणि २००७ नंतरच्या दहाएक वर्षांत उपग्रहांना तो वायू तब्बल ७५ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याच काळात भारतावरचा ५० टक्क्यांनी वाढला होता. दोन्ही देश कोळशावरच वीज करत होते. फरक गाळणीच्या रकान्यात पडला.

या शास्त्रानं खरा प्रताप गाजवला तो मात्र वाटाघाटींच्या टेबलावर. आम्लपावसानं युरोपातली तळी आणि जंगलं मरू लागली, तेव्हा १९८५ मध्ये हेलसिंकीला करार झाला: १९८० च्या तुलनेत १९९३ पर्यंत प्रत्येकानं गंधकाचा धूर ३० टक्के कमी करायचा. सगळ्यांना सारखी काठी. ऐकायला न्याय्य, पण एका देशाचा धूर नाजूक तळ्यांवर पडतो आणि दुसऱ्याचा समुद्रात. एकाला धूर कमी करणं स्वस्त पडतं, दुसऱ्याला महाग. व्हिएन्नाजवळच्या आयआयएएसए या संस्थेनं ‘रेन्स’ नावाचं मॉडेल केलं होतं. कुठल्या देशानं किती धूर कमी केला तर कुठल्या जमिनीवर किती आम्ल पडेल आणि खर्च किती येईल, हे ते एकत्र दाखवायचं. १९९४ च्या ऑस्लो करारात प्रत्येक देशाला वेगळा आकडा मिळाला, तो या हिशेबावर टेकून.

आपला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. आधी २० ते ३० टक्के घट, मग २०२५-२६ पर्यंत ४० टक्के, असं लक्ष्य शहरांना दिलं गेलं. यात मला हेलसिंकी दिसतं, ऑस्लो दिसत नाही. त्यातून प्रगती मोजली जाते ती मुख्यतः पीएम १० या जाडसर कणांवर. साहजिकच शहरं रस्त्यावर पाणी मारतात, खड्डे बुजवतात, कडा फरसबंद करतात. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०२४ मध्ये हिशेब काढला तेव्हा खर्चाचा ६४ टक्के वाटा धुळीवर गेलेला निघाला. धूळ वाईटच. पण चुलीचा आणि कोळशाचा धूर टँकरच्या पाण्यानं बसत नाही, आणि तो महापालिकेची हद्द विचारूनही येत नाही.

सल्फर डायऑक्साइडचं उदाहरण त्यासाठीच घ्यावं. धुराड्यातून तो वायू म्हणून निघतो. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाताना हवेतल्या अमोनियाशी मिळून त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. म्हणजे वीज केंद्राच्या दारात वायू मोजला तर तो मर्यादेत सापडू शकतो, आणि दूरच्या गावात तोच कण होऊन फुप्फुसात उतरलेला असतो.

कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७ डिसेंबर २०१५ रोजी अधिसूचित झाली. मुदत होती दोन वर्षांची. ती २०२२ पर्यंत वाढली, मग गट पाडून आणखी पुढे, मग पुन्हा पुढे. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं हा विषय नव्यानं मांडला. राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आतली केंद्रं ‘अ’ गटात. त्यांना डिसेंबर २०२७ पर्यंत वेळ. अतिप्रदूषित क्षेत्रं आणि हवेचे मानक न पाळणारी शहरं यांच्या जवळची ‘ब’ गटात. त्यांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून. उरलेली ‘क’ गटात, म्हणजे जवळपास ७८ टक्के वीजनिर्मिती संच, आणि त्यांना सल्फर डायऑक्साइडच्या त्या मर्यादेतून सूट. आपल्या कोळशात गंधक मुळात कमी आणि धूर धुणारे संच बसवण्याचा खर्च मोठा, हा सरकारचा युक्तिवाद. गंधक कमी आहे हे खरंच. पण जाळला जाणारा कोळसा कमी नाही.

ज्यांनी २०१६ मध्ये भविष्याचा हिशेब मांडताना ‘नियम आहे, म्हणजे २०१८ पासून धूर घटला’ असं धरलं, त्यांचे आकडे या काळात पुनःपुन्हा खोडावे लागले. आज कोणी २०४० चा तक्ता करायला बसलं तर गाळणीच्या रकान्यात ‘अ’ गटासमोर २०२८ पासून नव्वद टक्क्यांहून जास्त घट लिहिता येईल, ‘क’ समोर शून्य. ‘ब’ समोर काहीच लिहिता येत नाही. तिथे सगळा हिशेब दोनदा करायचा, एकदा संच बसले असं धरून आणि एकदा बसले नाहीत असं धरून, आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी ठेवायची.