शहर–शाळा सहनियोजन, नाशिक

महापालिका आणि शाळा यांनी मिळून मुलांच्या व किशोरवयीनांच्या गरजा नगरनियोजनात आणि अंदाजपत्रकात उतरवण्याची पद्धत. शाळेची जागा, खेळाचे मैदान, घर ते शाळा रस्ता, बस, अभ्यासिका, आरोग्य तपासणी आणि शाळेभोवतालची सुरक्षितता हे तिचे विषय. भारतात त्यासाठी एकच कायदा नाही. शिक्षण, नगररचना, परिवहन, बालसंरक्षण अशा निरनिराळ्या कायद्यांत तिचे तुकडे सापडतात.

पार्श्वभूमी : मुलांना शहर कसे दिसते, हे त्यांनाच विचारावे, हा विचार नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९७०च्या दशकात युनेस्कोच्या प्रकल्पातून पुढे आणला. १९९०च्या दशकात तो प्रकल्प पुन्हा हाती घेतला गेला, तेव्हा बंगळूरूमधील एक वस्तीही त्यात होती. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२व्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला; भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. युनिसेफचा बालस्नेही शहरांचा उपक्रम १९९६चा. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठाच्या ‘वाय-प्लॅन’ उपक्रमात शाळकरी मुले शहरातल्या खऱ्या प्रश्नावर काम करून आपला प्रस्ताव थेट नगर प्रशासनापुढे मांडतात.

नाशिकची घडण : नाशिक, नाशिकरोड, देवळाली, सातपूर आणि भोवतालची गावे मिळून १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड या सहा विभागांतून कारभार चालतो. शाळांचा कारभार मात्र या सहा विभागांत मावत नाही. महापालिकेच्या स्वतःच्या शाळा आहेत. मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४), गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) यांसारख्या जुन्या संस्थांच्या शाळा आहेत आणि विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळाही आहेत. एखाद्या अनुदानित माध्यमिक शाळेपुढचा रस्ता, नळ आणि पथदिवे महापालिकेचे. मान्यता आणि वेतन अनुदानाचे काम जिल्हा परिषदेत बसणाऱ्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. स्कूल बस आरटीओकडे. मुख्याध्यापकाला एका गतिरोधकासाठी कोणाला पत्र लिहायचे, हा प्रश्न खरोखरच पडतो.

शाळा व्यवस्थापन समिती : १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमात शहर आणि शाळा यांची कायदेशीर गाठ बसते. विनाअनुदानित खासगी शाळा सोडून इतर शाळांत ही समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. उरलेल्या जागांत स्थानिक प्राधिकरणाचे निवडून आलेले प्रतिनिधी, म्हणजे शहरात नगरसेवक, आणि शिक्षक येतात. २२व्या कलमानुसार, अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळा वगळता, या समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. सहनियोजनाचे सर्वांत सोपे साधन हेच, आणि सर्वांत कमी वापरलेलेही. आराखड्यात वर्गखोल्या, स्वच्छतागृह, संरक्षक भिंत येते. फाटकाबाहेरचे काही क्वचितच येते. शिवाय नगरसेवकाची खुर्ची रिकामी असू शकते : मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा ही गाठ आपोआप सैल झाली.

कायद्याचे ९वे कलम स्थानिक प्राधिकरणाला आपल्या हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवायला सांगते. राज्यात ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले, ते या जबाबदारीतूनच. अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी किंवा बांधकामांवर आलेली कुटुंबे वारंवार पत्ता बदलतात. त्यांची मुले एका दिवसाच्या मोजणीत पकडणे कठीणच.

मैदाने आणि आरक्षणे : मुलांच्या जागेचा खरा निकाल विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार त्यात शाळा, क्रीडांगण, उद्यान यांसाठी भूखंड आरक्षित होतात. नाशिकच्या सुधारित आराखड्याला शासनाने २०१७ मध्ये मंजुरी दिली. आरक्षण पडले म्हणजे मैदान मिळाले असे नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक १२७व्या कलमाखाली सूचना देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत महापालिका हलली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, त्या बव्हंशी जमीनमालकांच्या असतात. मैदान नसलेल्या शाळेच्या समितीने ठराव करून सूचना दाखल करायला कायद्याची आडकाठी नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे सगळ्यांचे गोल्फ क्लब ग्राउंड, शहराच्या मध्यभागी आहे. सिडकोतल्या मुलाला ते रोजच्या खेळासाठी उपयोगाचे नाही.

ये-जा : महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूल बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक, पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खाते, बस कंत्राटदारांचा प्रतिनिधी आणि स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी. इतकी खाती एका शाळेच्या खोलीत बसवणारी दुसरी तरतूद शोधून सापडायची नाही. जुलै २०२१ पासून शहर बससेवा ‘सिटीलिंक’ या नावाने महापालिकेकडे आली. त्यामुळे शाळा सुटण्याची वेळ आणि बसचे वेळापत्रक जुळवणे आता एसटीच्या हाती नसून शहराच्याच हाती आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी शाळेने टपरी दाखवली आणि महापालिका-पोलिसांनी ती हलवली, तरच होते. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या आल्या. समित्यांची संख्या वाढत गेली. त्यांत बसणारे पालक आणि शिक्षक बहुधा तेच असतात.

चौदा ते अठरा : शिक्षण हक्क कायदा १४व्या वर्षी थांबतो आणि मतदानाचा हक्क १८व्या वर्षी सुरू होतो. क्षेत्रसभेत, म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या नागरिक सभेत, मतदारच बसतात, त्यामुळे मधल्या वयाची मुले कोणत्याच पटावर येत नाहीत. नाशिकमध्ये हे विशेष जाणवते, कारण पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर भागांतील आदिवासी विद्यार्थी शिक्षणासाठी येथील वसतिगृहांत राहतात. त्यांची व्यवस्था आदिवासी विकास विभागाकडे असते, आणि त्या विभागाचे आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे. तरीही त्यांना लागणारी अभ्यासिका, बस आणि मैदान शहराचे असते.

सिंहस्थ : खाती एकत्र बसत नाहीत म्हणून सहनियोजन होत नाही, हे कारण नाशिकमध्ये पूर्णपणे टिकत नाही. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी जिल्हाधिकारी, महापालिका, पोलीस, एसटी आणि रेल्वे एकच आराखडा करतात. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तर स्वतंत्र प्राधिकरणही झाले. २०१५ मध्ये नाशिकच्या पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला, म्हणजे ऐन पहिल्या सत्रात आल्या होत्या. या नियोजनात रस्ते, घाट, वाहनतळ आणि साधुग्राम यांचे नकाशे होतात. शाळेच्या वाट्याला त्यातून मुख्यतः सुट्टीचे परिपत्रक येते.