सिग्नल पूर्ण, व्हिडिओ चालू, मग मेल कुठे अडतात?

"फोन म्हातारा झालाय, आता नेट धरत नाही." जुन्या स्मार्टफोनवर मेल यायचे थांबले किंवा निरोप अडकू लागले, की हे निदान हमखास ऐकू येतं. त्यामागोमाग उपायही येतात: रॅम साफ करणारं ॲप, 'नेटवर्क बूस्टर' नावाचं दुसरं ॲप, फोनच्या पाठीवर चिकटवायचं सोनेरी स्टिकर. पण त्याच फोनवर, त्याच वायफायवर व्हिडिओ विनातक्रार चालत असतो. रेडिओ लहरी मेलच्या आणि व्हिडिओच्या वेगळ्या नसतात. एक पोचतं आणि दुसरं पोचत नाही, याचा अर्थ अँटेना ठणठणीत आहे आणि दुखणं दुसरीकडे आहे.

बहुतेक वेळा जोडणी तुटलेली नसतेच, ती नाकारलेली असते, आणि नाकारणारा असतो खुद्द आपला फोन. मेलच्या सर्व्हरशी एक अक्षर बोलण्याआधी फोन त्या सर्व्हरची ओळख तपासतो. त्या तपासणीला त्याला दोन गोष्टी लागतात: आजची तारीख, आणि कोणावर विश्वास ठेवायचा त्याची यादी. जुन्या फोनमध्ये यांतली एक तरी गोष्ट बिघडलेली किंवा शिळी झालेली असते.

आधी तारीख पाहू. सर्व्हर आपली ओळख म्हणून जे डिजिटल सर्टिफिकेट दाखवतो, त्यावर 'या दिवसापासून या दिवसापर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. फोन आपल्या घड्याळात बघून ठरवतो, की आज त्या दोन तारखांच्या मध्ये आहे का. फोनमधलं घड्याळ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. अशा स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटं होतात. एवढ्याने सर्टिफिकेटचं काही बिघडत नाही. बिघडतं ते घड्याळ पूर्ण थांबल्यावर. थकलेली बॅटरी शून्यावर जाऊन फोन बरेच दिवस पडून राहिला, की चालू होताना तो कधीकधी १ जानेवारी १९७० ही तारीख घेऊन उठतो. युनिक्स घराण्यातल्या सगळ्या संगणकांची काळगणना त्या दिवसापासून सुरू होते. १९७० मध्ये वावरणाऱ्या फोनला जगातलं प्रत्येक सर्टिफिकेट भविष्यातलं वाटतं, मग तो एकही मानत नाही.

म्हणून चूक दाखवणारा संदेश नीट वाचावा. 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' असं म्हटलं असेल, तर फोनचं घड्याळ मागे आहे हे जवळजवळ नक्की. 'मुदत संपली' असेल, तर घड्याळ पुढे असू शकतं, सर्व्हर चालवणाऱ्याची हयगय असू शकते, किंवा पुढे येणारी यादीची भानगड असू शकते. व्हॉट्सॲप तर तारीख चुकल्याचं सरळ सांगतं. मेलची ॲप्स मात्र 'संपर्क होऊ शकला नाही' एवढंच बोलून गप्प बसतात आणि आपण राउटर बंद-चालू करत राहतो.

विमान मोड लावून काढला की कधीकधी सगळं सुरळीत होतं, यात जादू काही नाही. फोन टॉवरकडे नव्याने नोंद करतो तेव्हा बरीच नेटवर्क त्याला तारीख-वेळही कळवतात. सिम नसलेल्या, फक्त वायफायवर चालणाऱ्या जुन्या फोनला हा लाभ मिळेलच असं नाही. तिथे तारीख हाताने घालावी, आणि वर्ष मुद्दाम तपासावं. वेळ बरोबर दिसली, की वर्षाकडे कोणी बघत नाही.

घड्याळ चुकण्याचं सर्वांत झकास उदाहरण आयफोन ५ चं आहे. हा फोन २०१२ मध्ये आला. सात वर्षांनी ॲपलने जाहीर केलं, की ३ नोव्हेंबर २०१९ च्या आत आयओएस १०.३.४ हे अपडेट घ्या, नाहीतर ईमेल, आयक्लाउड, ॲप स्टोअर आणि वेब ब्राउझिंग बंद पडेल. एका ठरावीक दिवशी मेल बंद पडणार हे आधीच कसं कळलं? कारण फोनला वेळही कळवणाऱ्या जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा क्रमांक फक्त दहा बिटांत लिहितात. दहा बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. १०२४ आठवडे, म्हणजे सुमारे १९.६ वर्षं झाली, की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ जानेवारी १९८० ला सुरू झालेली ही गणना १९९९ च्या ऑगस्टमध्ये एकदा आणि ६ एप्रिल २०१९ ला दुसऱ्यांदा शून्यावर आली. काही उपकरणांत आठवडा शून्य कुठला धरायचा ते सॉफ्टवेअर लिहिताना पुढे सरकवलेलं असतं, त्यामुळे त्यांची तारीख एप्रिलऐवजी पुढे कधीतरी उलटते; आयफोन ५ ची ३ नोव्हेंबरला उलटणार होती. ज्यांनी अपडेट चुकवलं, त्यांची कोंडी तर बघण्यासारखी: नवं अपडेट इंटरनेटवरून घ्यायला तारीख बरोबर हवी, आणि तारीख बरोबर व्हायला नवं अपडेट हवं. त्यांना फोन संगणकाला जोडूनच सुटका करून घ्यावी लागली.

आता विश्वासाची यादी. माझ्या मते जुन्या फोनच्या दुखण्यांतलं हे सगळ्यांत सुंदर दुखणं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सर्व्हर म्हणतो, "मी अमुक मेल सेवेचा." यावर फोनने विश्वास का ठेवावा? सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर एका संस्थेची सही असते. त्या संस्थेच्या सर्टिफिकेटवर तिच्या वरच्या संस्थेची सही असते. असं करत साखळी एका मूळ सर्टिफिकेटपाशी थांबते आणि त्यावर त्याची स्वतःचीच सही असते. अनोळखी माणसाची खात्री ओळखीच्याने द्यावी, त्याची खात्री आणखी जुन्या ओळखीच्याने द्यावी, आणि शेवटी घरचंच माणूस निघावं, तसा हा प्रकार. हे 'घरचे' लोक, म्हणजे शे-दीडशे मूळ सर्टिफिकेटं, फोनच्या प्रणालीतच भरून दिलेले असतात.

सही तपासणं हे शुद्ध अंकगणित आहे. सर्टिफिकेटमधल्या मजकुराचा २५६ बिटांचा सारांश काढतात, त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. सही करणारी संस्था आपल्या गुप्त किल्लीने या हॅशवरून एक प्रचंड पूर्णांक तयार करते, तीच सही. फोन काय करतो? त्या पूर्णांकाचा ६५,५३७ वा घात घेतो, संस्थेच्या उघड्या किल्लीतल्या संख्येने भागतो आणि बाकी पाहतो. बाकीमध्ये ठरलेल्या मांडणीत तोच हॅश निघाला तर सही खरी. मूळ सर्टिफिकेटांच्या किल्लीतली संख्या ४०९६ बिटांची, म्हणजे बाराशेहून अधिक अंकांची असू शकते. ६५,५३७ हा आकडाही उगाच निवडलेला नाही. तो २ चा सोळावा घात अधिक १ आहे, त्यामुळे सोळा वेळा वर्ग आणि एकदा गुणाकार एवढ्यात घात निघतो. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. म्हणजे 'फोनची ताकद कमी पडते' हेही खरं नाही. गणित जमतं, फक्त शेवटचं नाव यादीत सापडत नाही.

ते का सापडत नाही? अँड्रॉइडमध्ये कित्येक वर्षं ही यादी फक्त प्रणालीच्या अपडेटबरोबर बदलत असे. ॲप कितीही नवं करा, यादी तीच. फोन बनवणाऱ्याने दोन-तीन वर्षांनी अपडेट थांबवले, की यादी त्या दिवसावर गोठली. दरम्यान बाहेर नव्या संस्था येतात, जुन्यांच्या मुदती संपतात.

लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेटं देणारी संस्था त्यातलीच. तिचं मूळ सर्टिफिकेट 'आयएसआरजी रूट एक्स१' ४ जून २०१५ चं. ते अँड्रॉइडच्या यादीत आलं ७.१.१ पासून आणि आयफोनच्या यादीत आयओएस १० पासून. त्याआधीच्या फोनना ते माहीतच नाही. म्हणून संस्थेने सुरुवातीला 'डीएसटी रूट सीए एक्स३' या जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या मूळ सर्टिफिकेटची सही उसनी घेतली. पण त्या म्हाताऱ्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपत होती. २०२० च्या अखेरीस अँड्रॉइडचे साधारण एक तृतीयांश फोन ७.१ च्या आधीचे होते. तेवढ्या फोनवर असंख्य साइट आणि मेल सर्व्हर एका रात्रीत परके होणार होते.

यावर निघालेली युक्ती मला फार आवडते. अँड्रॉइड साखळीतल्या बाकी सर्टिफिकेटांची मुदत बघतो, पण यादीतल्या मुळाची मुदत बघत नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. मुळावर विश्वास कोणाच्या सहीमुळे नसतो, तो यादीत आहे म्हणूनच असतो. त्याच्याकडून फक्त नाव आणि किल्ली घ्यायची, अशी ही भूमिका. मग २०२१ मध्ये जुन्या मुळाच्या मालकाने नव्या मुळाला आणखी तीन वर्षांची सही दिली, स्वतःच्या मुदतीच्या पलीकडे जाणारी! मुदत संपलेल्या मुळाच्या भरवशावर जुने अँड्रॉइड ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालत राहिले. गंमत अशी, की मुळाचीही मुदत काटेकोर तपासणारं जुनं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ सुरक्षित जोडणी करून देणारं ओपनएसएसएल १.०.२, त्याच साखळीवर २०२१ मध्येच अडखळलं. ती सहीही आता संपली आहे. त्यामुळे '२०२४ पर्यंत चालत होतं, मी काहीच बदललं नाही' ही तक्रार शब्दशः खरी असू शकते.

हे स्वतः बघता येतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी, आणि त्यात 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स' उघडा. संस्थांच्या नावांची लांबच लांब यादी दिसेल. त्यात 'डिजिटल सिग्नेचर ट्रस्ट' (वरची डीएसटी) असेल आणि 'इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप' (लेट्स एन्क्रिप्टची आयएसआरजी) नसेल, तर दोष सापडला. एखाद्या नावावर टिचकी मारलीत तर 'कोणाला दिलं' आणि 'कोणी दिलं' या दोन्ही जागी एकच नाव दिसेल, खाली मुदतही दिसेल.

इलाज? फायरफॉक्स ब्राउझर स्वतःची यादी सोबत आणतो. त्यामुळे अँड्रॉइड ५ किंवा ६ वर मेलचं ॲप रुसलेलं असताना फायरफॉक्सच्या त्या फोनवर चालणाऱ्या आवृत्तीत तीच मेल सेवा उघडू शकते. मेल नुसते वाचायचे असतील तर एवढं पुरतं. हरवलेलं मूळ सर्टिफिकेट हाताने घालताही येतं, पण ते त्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावं. कोणीतरी पाठवलेली फाइल यादीत घालणं म्हणजे त्या माणसाला आपल्या सगळ्या पत्रव्यवहारावर सह्या करायचा अधिकार देणं. काही मेल ॲप्समध्ये 'सर्व सर्टिफिकेटं स्वीकारा' असा पर्याय असतो. तो लावला की मेल येतात खरे, पण तपासणीच बंद पडते. पासवर्ड कोणाच्या हाती जातोय हे मग फोनलाही कळत नाही. हा पर्याय लावू नये.

बाकीची दुखणी थोडक्यात. संभाषण गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या. अँड्रॉइड ४.१ ते ४.४ मध्ये टीएलएस १.२ आहे, पण आपोआप सुरू नसते. ती ५.० पासून सुरू असते. सर्व्हर १.२ च्या खाली बोलायला तयार नसेल तर जुनं मेल ॲप तिथेच थांबतं. सेटिंगमध्ये पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, ९९३ घाला की १४३, फरक पडत नाही.

पासवर्ड अचूक असून 'पासवर्ड चुकीचा' येत असेल, तर तो पुन्हापुन्हा बदलू नका. जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणारी ॲप्स ३० मे २०२२ पासून बंद केली, आउटलुक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४ पासून. जीमेलवर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' घेतला, की जुनं ॲप बहुधा चालतं.

निरोप येतात पण उशिरा, आणि स्क्रीन लावली की एकदम दहा, हे दुखणं निराळंच आहे. अँड्रॉइडवर बहुतेक ॲप्सच्या सूचना गूगलच्या एकाच उघड्या जोडणीवरून येतात, बहुधा पोर्ट ५२२८ वरून. ही जोडणी बराच वेळ शांत राहिली, की मधला राउटर ती मेली समजून आपल्या नोंदीतून पुसतो. फोनला त्याचा पत्ता नसतो, तो पुढच्या तपासणीपर्यंत वाट पाहत बसतो. अँड्रॉइड ६ पासून पडून असलेल्या फोनला झोपवणारी 'डोझ' सोयही आली. ज्याचे निरोप उशिरा येतात त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळून पाहावं. मोबाइल डेटावर निरोप वेळेवर आणि वायफायवर उशिरा येत असतील, तर दोष बहुधा राउटरचा.

एक गोष्ट मात्र शेवटचा उपाय म्हणूनही करू नये, ती म्हणजे फॅक्टरी रिसेट. विश्वासाची यादी प्रणालीच्या भागात असते, रिसेटने ती बदलत नाही. उलट इतक्या वर्षांत जमलेली ॲप्सची आणि प्ले सर्व्हिसेसची अपडेट्स पुसली जातात, आणि फोन प्रणालीसोबत आलेल्या जुन्या ॲप्सनी आजच्या सर्व्हरशी बोलायला जातो. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या फोनवर तर गूगल खात्यात शिरणंच २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे. त्यावर आधीपासून उघडं असलेलं खातं रिसेटमध्ये गेलं, तर त्या फोनवर ते पुन्हा उघडणार नाही.