घरचेच, पण पाकिटातले

पाहुण्यांनी "गुलाबजाम घरी केलेत?" असं विचारलं की आई लगेच "हो, घरीच" म्हणायची. खोटं काहीच नव्हतं. गोळे तिनेच वळले, तिनेच तळले, पाकातही तिनेच सोडले. पीठ तेवढं पाकिटातलं, आणि ते रिकामं पाकीट केराच्या डब्यात बटाट्याच्या सालींखाली गेलेलं. तयार खाण्याच्या जुन्या आठवणी निघाल्या की आपल्याकडे हसू येतं ते बहुतेक या लपवालपवीचं.

अमेरिकेत लपवायला जागाच नव्हती. ओमाहाच्या स्वॉन्सन कंपनीने १९५३-५४च्या सुमारास बाजारात आणलेलं 'टीव्ही डिनर' म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं कप्प्यांचं ताट. टर्की, रताळं, मटार, सगळं गोठवलेलं. किंमत ९८ सेंट. ओव्हनमध्ये ठेवायचं आणि टीव्हीसमोर बसून खायचं. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर टर्कीचे दहा रेल्वे डबे उरले म्हणून हे सुचलं, अशी गोष्ट गेरी थॉमस हा तिथला विक्रेता सांगत असे. स्वॉन्सन घराण्याच्या वारसांना ती मान्य नव्हती. माझ्या मते खरं डोकं बेटी क्रोनिन या जीवाणूतज्ज्ञ बाईंचं. मांस, रताळं आणि मटार एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळी नीट तयार व्हायला हवेत, हे गणित त्यांनी बसवलं. घरी भात आणि वरण एकदम गरम करून बघा, म्हणजे त्यातली गोम कळेल.

हे ताट आपल्याकडे तेव्हा येणं शक्यच नव्हतं. फ्रीजच मोजक्या घरांत, आणि जिथे होता तिथे त्याचा वरचा कप्पा बर्फाच्या ट्रेसाठी. त्यातून वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. त्यामुळे तिकडे जे गोठून आलं, ते इकडे वाळून आलं: पूड, पीठ, शेवया. मराठी स्वयंपाकघराला हे अजिबात परकं नव्हतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया आणि सांडगे, हे सगळं काय होतं? मेहनत एकदा करून ठेवायची आणि वर्षभर झटपट खायचं. कारखान्याने फक्त ती गच्ची स्वतःकडे घेतली.

तयार पिठांची पाकिटं विकणारी पुण्याची गिट्स कंपनी १९६३ पासूनची. बंगळूरच्या एमटीआर या हॉटेलची कथा जास्त मजेदार आहे. आणीबाणीत हॉटेलातल्या पदार्थांचे दर सरकारने इतके खाली बांधले की इडली विकणं तोट्याचं झालं. हॉटेल बंद ठेवावं लागलं, तेव्हा मंडळी मसाले आणि तयार पिठं विकू लागली. गुलाबजामचं पाकीट आलं आणि खवा आणायची यातायात संपली; अक्कल मात्र घरचीच लागायची. पीठ जोरात मळलं की जामून दगड, गोळ्याला बारीकशी चीर राहिली की कढईत फुटला, आच मोठी झाली की बाहेरून काळा आणि आत कच्चा. आमच्याकडे एका दिवाळीत तिन्ही प्रकार एकाच घाण्यात निघाले होते. पाकीट कुठलं ते सांगत नाही. हात माझा होता.

मॅगी आपल्याकडे आली १९८३ला. मूळ युक्ती जपानच्या मोमोफुकू आंदो यांची, १९५८ सालची: शेवया वाफवून तेलात तळायच्या. तळताना पाणी उडून जातं, बारीक छिद्रं उरतात आणि उकळतं पाणी त्यांतून झरझर आत शिरतं. भारतात १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका सुरू झाली, तिची प्रायोजक मॅगी. म्हणजे टीव्ही आणि पाकीट यांची गाठ इथेही पडलीच. दोन मिनिटांत मात्र मॅगी कधी कोणाच्या घरी झाली नाही, कारण आधी कांदा चिरायचा, मग टोमॅटो, मटार सोलायचे, वरून कोथिंबीर. नुसती पाकिटातली वाढायची म्हणजे आईला अपराध्यासारखं वाटायचं.

जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून मॅगीवर बंदी आली, तेव्हा ती किती घरची झाली होती ते कळलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द करून नव्याने तपासण्या करायला लावल्या, आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली. मधल्या काळात शेवटचा पुडा पुरवून वापरणारे सभ्य गृहस्थ मी पाहिले आहेत.

ओली भाजी पाकिटात आली ती फ्रीजला वळसा घालूनच. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी हे तंत्र बसवलं होतं: शिजलेलं अन्न अनेक थरांच्या पिशवीत हवाबंद करून दाबाखाली तापवायचं, की महिनोन्‌महिने बाहेर टिकतं. अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीच्या कपाटात अशी 'टेस्टी बाइट'ची पाकिटं उभी लावलेली असतात. त्यांचा कारखाना दौंड तालुक्यात भांडगावला आहे, हे मी तिला फोनवर सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तसं घरचंच की रे."